जागेचा कायदा जागेवरच

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. तुझ्या कारखान्यासाठी भाड्याने घ्यायच्या मँचेस्टर, ग्लासगो आणि फ्रान्समधलं ल्यों अशा तीन जागा. प्रत्येकीचं भाडं, क्षेत्रफळ, ट्रक आत वळण्याची सोय, विजेचा भार, सगळं व्यवस्थित मांडलं आहेस. त्यात एक रकाना मात्र नाही, तो म्हणजे तिथला कायदा. तू म्हणशील, "आई, ते वकील बघेल." बघेल की, पण जागा ठरल्यावर. आत्ता तुझ्या तक्त्यात ल्यों महाग आणि मँचेस्टर स्वस्त दिसतंय. हा रकाना भरलास की क्रम तोच राहील असं मला वाटत नाही.

आधी त्या कलमाबद्दल, ज्याच्याखाली तू हिरवी रेघ मारून "हे बरं झालं!" असं लिहिलंस. ल्योंच्या भाडेकराराच्या मसुद्यात वाद झाल्यास तो लंडनच्या न्यायालयात चालेल असं म्हटलंय, आणि भाषेचा त्रास वाचला म्हणून तू खूश आहेस. या कलमावर विसंबू नकोस. युरोपीय संघाच्या 2012 च्या 1215 क्रमांकाच्या नियमात कलम 24 वाच. स्थावर मालमत्तेचा हक्क किंवा तिचं भाडं यांवरचा वाद जागा ज्या देशात आहे तिथल्याच न्यायालयात चालतो, आणि दोन्ही पक्षांनी करारात उलट लिहिलं तरी फ्रान्सचं न्यायालय ते जुमानत नाही. आपल्याकडेही वेगळं नाही. गुडगावच्या एका भूखंडाच्या करारात दिल्लीच्या न्यायालयाचं नाव होतं. दिल्लीत वर्षानुवर्षं दावा चालला आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिल्लीला तो अधिकारच नव्हता, उभयपक्षी संमतीने तो निर्माणही होत नाही. इतकी वर्षं घालवून त्या माणसाच्या पदरात काय पडलं, तर दावा दुसऱ्या गावी नव्याने दाखल करण्याची मुभा.

कंपनी तू कुठेही नोंदवू शकतेस. यंत्रं खरेदीच्या करारात कुठल्याही देशाचा कायदा लिहू शकतेस, लवाद नेमू शकतेस. गाळ्याचं तसं नाही. रंग कोणी द्यायचा, छत गळलं तर कोणी बघायचं, हे तुमच्या मर्जीने लिहा. पण भाडेकरूला कधी आणि कसं उठवता येईल हे बरंचसं जमिनीला चिकटलेलं असतं. म्हणून भाड्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण त्या आकड्यांत तू विकत काय घेतेयस तेच प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

ल्योंचंच घे. फ्रान्समध्ये व्यापारी भाडेपट्टा किमान नऊ वर्षांचा असतो. साधारणपणे दर तीन वर्षांनी, सहा महिने आधी कळवून, भाडेकरू बाहेर पडू शकतो. मालकाला ती मोकळीक तशी नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरण नाकारायचं तर सहसा त्याने भरपाई द्यावी लागते, आणि ती धंद्याच्या किमतीइतकी जाऊ शकते. तुझी जड यंत्रं एकदा पायावर बसली की हलवायला किती खर्च येईल ते तूच मला सांगितलं होतंस. जास्त भाड्यातला काही भाग म्हणजे याच निश्चिंतीची किंमत आहे.

आता मँचेस्टर. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1954 चा घरमालक-भाडेकरू कायदा आहे, आणि त्याने व्यावसायिक भाडेकरूला मुदतीनंतर नव्या करारावर हक्क सांगता येतो. मालकाला नकार देण्याची कारणं कायद्यातच ठरवून दिलेली आहेत. छान वाटतं ना? मग तुझ्या मसुद्याचं शेवटून दुसरं पान काढ. "कलम 24 ते 28 लागू राहणार नाहीत" अशी याच 1954 च्या कायद्याबद्दलची एक ओळ आहे. त्या एका ओळीने हा सगळा हक्क जातो. तो सोडायची रीतही कायद्याने ठरवली आहे. मालक आधी इशाऱ्याची नोटीस देतो आणि भाडेकरू आपल्याला हे समजलंय असं प्रतिज्ञापन करून देतो. करारात बांधलं जाण्याआधी चौदा दिवस मिळाले तर साधं प्रतिज्ञापन चालतं, घाई असेल तर शपथ नोंदवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर शपथेवर करावं लागतं. एजंट "नेहमीचाच कागद आहे" म्हणून पुढे सरकवेल, आणि नेहमीचाच आहे हेही खरं. तरी मँचेस्टरचं भाडं कमी का, याचं निम्मं उत्तर मला त्या कागदात दिसतं.

आणखी एक. भाडं थकलं तर इंग्लंडमध्ये मालक, करारात तशी तरतूद असल्यास, न्यायालयात न जाता शांतपणे आत शिरून कुलूप बदलू शकतो. (हे वाचून मला आजही दचकायला होतं, कारण आपल्या डोक्यात "कब्जा म्हणजे पंधरा वर्षांचा दावा" हेच पक्कं बसलेलं असतं.) ग्राहकाचे पैसे उशिरा येण्याची सवय असलेल्या धंद्याने हे विसरू नये.

ग्लासगोला मँचेस्टरच्याच ओळीत, "यूके" म्हणून टाकलंयस. देश एक असला तरी कायदा एक नाही. 1954 चा कायदा स्कॉटलंडला लागू नाही. तिथे मुदत संपताना कोणीच वेळेत नोटीस दिली नाही तर करार आपोआप पुढे चालू होतो, सहसा वर्षभर. म्हणजे भीती दुहेरी. उठवलं जाण्याइतकीच, नको असताना अडकून पडण्याचीही. नोटिशीची तारीख मात्र कॅलेंडरवर ठळक लिहावी लागेल.

वापराच्या परवानगीचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला ठाऊक असावं. इंग्लंडच्या नियोजन नियमांत 2020 पासून दुकान, कार्यालय, हलका उद्योग असं बरंच काही 'ई' वर्गात एकत्र आलं. पण ज्याचा आवाज, कंपन, वास निवासी वस्तीला त्रास न देण्याजोगा असेल तेवढंच 'हलकं'. तुझी ग्राइंडिंगची यंत्रं त्यात बसतील असं मला वाटत नाही. सही करण्याआधी तिथल्या कौन्सिलकडून लेखी विचार. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

मला विचारशील तर ल्यों पुन्हा वर आण, आणि मँचेस्टरच्या मालकाला सांग, ती ओळ काढा. नाही म्हणाला तर भाड्यात किंवा मुदतीत काय देतो ते विचार. उत्तर येईपर्यंत प्रतिज्ञापनावर सही करू नकोस, आणि तिन्ही मसुदे पूर्ण पाठव. परिशिष्टांसकट, मागच्या वेळेसारखी पहिली चार पानं नकोत.

तुझी,
आई