ईराची शाळा

ओक ब्रूक, इलिनॉय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘‘एवढं कमावता, मग नातीला सरकारी शाळेत का?’’ घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे शिकागोच्या उपनगरांत शाळांचे स्वतंत्र जिल्हे असतात. जिल्हा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सातारा येईल, पण आमच्या ५३ क्रमांकाच्या जिल्ह्यात शाळा दोनच : पाचवीपर्यंत ब्रूक फॉरेस्ट, पुढे आठवीपर्यंत बटलर. नववीपासूनचं हायस्कूल दुसऱ्याच जिल्ह्याचं.

कारभार पाहायला सात जणांचं मंडळ. गावकऱ्यांनीच निवडून दिलेले, मानधन काही नाही. विषम वर्षांत एप्रिलमध्ये मतदान होतं. बैठका सगळ्यांना खुल्या. मी गेले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी बोलायला उठल्या. त्यांच्या घरात आता शाळेत जाणारं कुणी नाही, पण घरपट्टीतला मोठा हिस्सा शाळेकडे जातो, म्हणून खर्चाचा कागद घेऊन, त्यावर पेनने खुणा करून आल्या होत्या. छपराच्या दुरुस्तीचा आकडा त्यांनी बोट ठेवून विचारला आणि सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला फार बरं वाटलं. घरपट्टीची वसुली मंडळाला मनाला येईल तशी वाढवताही येत नाही. महागाईचा दर किंवा ५ टक्के, यांतलं जे कमी तेवढीच. त्याहून जास्त हवी तर लोकांचं मत घ्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. शाळा घरपट्टीवर चालते, म्हणजे महागड्या घरांच्या गावात शाळा सुखात आणि गरीब वस्तीत ओढाताण. मुलांचा यात काय दोष? राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला. आता वाढीव पैसा आधी सर्वांत मागे पडलेल्या जिल्ह्यांकडे जातो. तरी दरी मोठी आहे. आमच्या शाळेचं कौतुक करताना हे विसरायचं नाही, असं मी ठरवलंय.

आई, ईरा पिवळ्या बसने एकटी जाते, काळजी करू नकोस. बस थांबली की बाजूची लाल पाटी उघडते आणि मागच्या-पुढच्या गाड्या जागच्या जागी थांबतात.

बाबा, शिक्षण हक्क कायद्याने तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही व्यवस्थापन समिती आली, तीत चारांतले तीन सदस्य पालक. ते खरंच बोलायचे का? की सह्या करून उठायचे? तुम्ही त्यांना कसं बोलतं केलंत, ते सविस्तर लिहा. पुढच्या निवडणुकीला उभं राहावं असं माझ्या मनात आहे.

तुमची,
मनू