लॉस्ट लाइट बंद करून पुन्हा पहिला अंक कशाला?

प्रति,
संपादक मंडळ,
ट्रान्सफॉर्मर्स कॉमिक्स विभाग, आयडीडब्ल्यू पब्लिशिंग (2019)

विषय: लॉस्ट लाइट मालिकेसकट 13 वर्षं चाललेली ट्रान्सफॉर्मर्स रोबोंची गोष्ट थांबवून सगळं पहिल्यापासून सुरू केल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

पत्र मराठीत लिहितोय कारण इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की मनातलं निम्मं राहून जातं, तेव्हा कोणाकडून तरी वाचून घ्या पण वाचा नक्की.

आधीच सांगतो, न वाचता बोलत नाहीये. मार्च 2019 मध्ये नवा पहिला अंक आला तेव्हापासूनचे अंक विकत घेऊन वाचलेत. चित्रं छान आहेत, आणि तो नुकताच जन्मलेला रोबो रबल बंबलबीबरोबर त्यांचा ग्रह सायबरट्रॉन बघत फिरतो ते तर मला खरंच आवडलं. नवी गोष्ट लिहिणाऱ्या ब्रायन रकली यांच्यावर माझा राग नाही, त्यांना जे काम दिलं ते त्यांनी केलं. राग तुमच्या निर्णयावर आहे.

2005 पासून तुम्ही एकच सलग गोष्ट सांगत होतात, आणि 2012 मध्ये जेम्स रॉबर्ट्स यांनी मोअर दॅन मीट्स द आय ही मालिका सुरू केली तेव्हा त्या गोष्टीत असं काहीतरी आलं जे रोबोंच्या कॉमिकमध्ये मी आधी कधी वाचलं नव्हतं. 40 लाख वर्षं चाललेलं युद्ध संपलंय, आणि आयुष्यभर फक्त लढाई केलेल्या या लोकांनी आता करायचं काय? बास, एवढाच प्रश्न. त्यासाठी रॉडिमस लॉस्ट लाइट नावाचं एक अंतराळजहाज घेऊन निघतो आणि जहाजावर कोण, तर स्वर्व बार चालवतोय, रंग नावाचा रोबो सगळ्यांच्या मनावरचे उपचार करतोय आणि त्याचं नावच कोणाच्या लक्षात राहत नाही, टेलगेट एका खड्ड्यात पडून राहिल्यामुळे त्याचं अख्खं युद्धच हुकलंय. पुढे तर शत्रूपक्षाचा म्होरक्या मेगाट्रॉन ऑटोबॉटचं, म्हणजे समोरच्या पक्षाचं, चिन्ह लावून त्याच जहाजाचा कॅप्टन होतो आणि वाचणाऱ्याला प्रत्येक अंकात स्वतःलाच विचारावं लागतं की या माणसाला (माणूसच म्हणतो मी) माफ करायचं का. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आणि क्रोमडोम. त्याचा जोडीदार रिवाइंड गेल्यावर तो स्वतःच्या डोक्यात सुई घालून त्याच्या सगळ्या आठवणी पुसायला बसतो, आधीचे जोडीदार गेले तेव्हा त्याने तेच केलेलं असतं, पण या वेळी तो रिवाइंडने मागे ठेवलेला मेसेज बघतो आणि थांबतो. मी आणि माझा धाकटा भाऊ, तो कोल्हापुरात मी ठाण्यात, तुमचा बुधवार म्हणजे आमची रात्र, फोन चालू ठेवून एकत्र वाचायचो. त्या अंकाला तो फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. माझा भाऊ मी कधी कॉमिक वाचून रडताना पाहिला नव्हता, त्या दिवशी ऐकला.

असे 57 अंक आणि मग त्याच गोष्टीची पुढची मालिका लॉस्ट लाइट, तिचे 25, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये सगळं बंद. शेवट चांगला केला हे मान्य करतो, रॉबर्ट्सनी जेवढी जागा मिळाली तेवढ्यात जीव ओतला, पण शेवटचे अंक वाचताना कळत होतं की घाई झालीये, जे सहा अंकांत यायला हवं ते दोनात आलंय.

आता नव्या गोष्टीत तुम्ही आम्हाला युद्धाच्या आधी नेऊन ठेवलंत. मेगाट्रॉन परत भाषणं देतोय, ओरायन पॅक्स (पुढचा ऑप्टिमस प्राइम) परत समजावतोय, आणि लॉस्ट लाइट जहाजावरचा ब्रेनस्टॉर्म, ज्याच्याबरोबर आम्ही एवढी वर्षं काढली, तो सुरुवातीलाच खून झालेलं एक प्रेत म्हणून समोर येतो. खून कोणी केला याची उत्सुकता मला असायला हवी, पण हे सगळं कुठे जाणार ते आधीच माहितीये ना, युद्धच होणार. युद्ध कसं पेटलं हे आपण 1984 पासून या ना त्या रूपात वाचतोय. युद्धानंतर काय, हे फक्त तुमच्याकडे होतं, आणि तेच तुम्ही टाकून दिलंत.

नव्या वाचकांना सोपं पडावं म्हणून केलं असेल, तर मी स्वतः 2012 च्या अंकापासून सुरू केलं होतं, आधीचं काहीही न वाचता. काही अडलं नाही, जे कळलं नाही ते मागे जाऊन वाचलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवी मालिका चालू ठेवायची तर ठेवा, पण तिच्या शेजारी जुन्या विश्वातली एक छोटी मालिका काढा, वर्षाला चार अंक आले तरी चालेल, आणि ती रॉबर्ट्सनाच लिहू द्या. आणि लॉस्ट लाइट शेवटच्या पानापर्यंत चांगल्या बांधणीच्या पुस्तकात आणा, आम्ही दोघं दोन प्रती घेऊ, एक कोल्हापूरला जाईल.

हो की नाही ते कळवा, नाही असेल तरी कळवा.

तुमचा,
2012 पासूनचा एक वाचक, ठाणे