वाळूचा महसूल वर, खड्डे गावाला

गिरणा नदीकाठी राहणारा शेतकरी म्हणून लिहितो. वाळू, मुरूम, दगड ही गौण खनिजे. १९५७ च्या केंद्रीय खाण-खनिज कायद्याच्या कलम १५ ने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला. विनापरवाना उपशाचा तलाठी पंचनामा करतो, तहसीलदार दंड ठोठावतो आणि स्वामित्वधन (उपशावरची रॉयल्टी) सरकारी तिजोरीत जमा होते. लिलावापूर्वी ग्रामसभेला विचारतात, पण पुढे वसुली किती झाली हे कोणी सांगत नाही.

रात्री अकरानंतर ट्रॅक्टरांची घरघर सुरू होते. सकाळी पात्रात पुरुषभर खड्डे, काठाला उघड्या पडलेल्या बाभळीच्या मुळ्या. माझ्या विहिरीचे पाणी पूर्वी मे महिन्यापर्यंत पुरायचे, आता फेब्रुवारीतच मोटर हवा ओढते. केळीचा बाग मोडावा लागला, हे लिहितानाही जीव तुटतो. विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम ४८), तरीही हे चालूच आहे.

आपल्या शिवारातून किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू गेली, किती स्वामित्वधन व दंड वसूल झाला आणि त्यातले गावाला किती परत आले, हे दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. जळगाव जिल्हा प्रशासनाने या पावसाळ्याआधीच हे सुरू करावे.

– एक शेतकरी, ता. भडगाव, जि. जळगाव