तुझ्या भाषणातलं एक वाक्य

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री मी सिनेमा अर्धवट सोडून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिले, ते तुला लागलं. तुझ्या दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आई अशी उठून गेली म्हणजे ती रागावली, असं तुला वाटलं असणार. मी रागावले नव्हते. पण समोरासमोर बोलायला गेलं की तू इंग्रजीत उत्तर देतेस आणि माझं बोलणं घाईत तुटतं, म्हणून लिहितेय. रविवारच्या मराठी वर्गाला सात वर्षं गेली आहेस. सावकाश वाच, जोडाक्षरापाशी अडलीस तर बाबांना विचार.

उरलेला सिनेमा मी शनिवारी सकाळी तू झोपलेली असताना एकटीने पाहिला. ‘टॉर्मेंटेड’, 2009 चा, जॉन राइट यांनी दिग्दर्शित केलेला. तेव्हा तू भिंतीला धरून चालायला शिकत होतीस. डॅरन मलेट नावाचा एक जाडा, दमेकरी मुलगा. शाळेतली देखणी, श्रीमंत टोळी त्याला इतकं छळते की तो जीव देतो, आणि मग परत येऊन त्यांना एकेक करून मारतो. आपण किंचाळायचं आणि हसायचंही.

मला उठवलं ते रक्ताने नाही, त्याच्या दम्याच्या पंपाने. पडद्यावर पंप दिसला आणि तुम्ही तिघी हसलात. तुमचं हसू दुष्टपणाचं नव्हतं, सिनेमाच तसा बेतलेला आहे. पण तुझा मामा लहानपणी रात्र-रात्र तीन उशांना टेकून बसायचा. मिरजेच्या आमच्या दोन खोल्यांत त्याची घरघर भिंतीपलीकडे ऐकू जायची, आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायची, आणि मी अंथरुणात पडून त्याचे श्वास मोजायचे. पुढचा श्वास येईपर्यंत माझाही अडकायचा. त्या पंपावर मला हसता येत नाही, मनू. एवढंच झालं होतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मला त्या जस्टीनबद्दल बोलायचंय.

जस्टीन त्या शाळेची हेड गर्ल, म्हणजे सगळ्या विद्यार्थिनींची प्रमुख. हुशार, नीटनेटकी, कुणाचं वाईट न करणारी. डॅरनच्या अंत्यविधीला शाळेच्या वतीने तीच बोलते, सुंदर बोलते, आणि त्याला ती ओळखतही नसते. त्याच टोळीत मग तिला मानाने बोलावणं येतं आणि ती खुशीने जाते. आपल्या नव्या मित्रांनी त्या मुलाचं काय केलं होतं, हे तिला कितीतरी उशिरा कळतं. टोळीची मुलं सिनेमात फार ठळक रंगवलीत. त्यांना पाहून कुणीही म्हणेल, मी अशी नाही. जस्टीनला पाहून मला तसं म्हणता आलं नाही.

आमच्या शाळेत सातवीला मी मॉनिटर होते. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे माझं काम. वर्गात एक मुलगी होती, तिचं नाव मला पक्कं आठवतंय पण इथे लिहीत नाही. तिच्या डोक्याला चाई लागली होती, केसांचे पुंजके गेले होते, म्हणून ती डोक्याला रुमाल बांधून यायची. मागच्या बाकावरच्या मुली तो रुमाल ओढायच्या. आवाज अजिबात नाही. एक ओढायची, दुसरी बघायची, आणि ती दोन्ही हातांनी डोकं धरून बाकावर वाकायची. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी असायचे, मला सगळं दिसायचं. पण कोणी बोलत नव्हतं ना, मग फळ्यावर नाव कसलं लिहायचं? खरंच असा विचार केला मी, वर्षभर.

त्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत ‘मैत्री’ या विषयावर मला पहिलं बक्षीस मिळालं. ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती, रुमाल बांधून. तिनेही टाळ्या वाजवल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. बक्षिसाचा स्टीलचा पेला अजून आजीकडे आहे, आणि मिरजेला गेले की मी त्यातून पाणी पीत नाही, हे तुला माहीत आहे. कारण कधी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या रोजच्या कामाचं सांगते, कारण शाळेच्या मैदानावर मुलांवर लक्ष ठेवत उभं राहून मला जे कळलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत दोनशे पोरं सुटतात. मारामारी लगेच दिसते, शिट्टी वाजवली की संपते. खरा त्रास ज्याला होतोय तो वेगळाच सापडतो. तो कुंपणाला धरून चालतो. पाऊस नसतानाही ‘मिस, आज आत बसू?’ म्हणतो. रोज आपणहून टेबलं पुसायला थांबतो आणि आम्ही कौतुक करतो, किती कामसू! मला दोन वर्षं लागली हे कळायला, की तो कामसू नाही, त्याला बाहेर जायचं नाहीये.

इथे इंग्लंडात कायदा आहे, आणि त्याचा मला आधार वाटतो. 2006 च्या शिक्षण कायद्याने छळ रोखायचे उपाय ठरवणं सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांवर बंधनकारक केलंय. तुझ्या शाळेचं धोरणही मी वाचलं, चांगलं लिहिलंय. नोव्हेंबरात छळविरोधी सप्ताहात आम्ही सगळे दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून जातो. चाइल्डलाइन या मुलांच्या मदत-फोनचा 0800 1111 हा नंबर तुमच्या शाळेतल्या मुलांना पाठ असेल. पण नंबर फिरवायला आधी वाटावं लागतं, की माझं ऐकायला कोणीतरी आहे.

सिनेमावर माझा खरा राग तिथे आहे. डॅरनच्या हातात बळ येतं ते मेल्यावर. मेल्यावर त्याच्या नंबरवरून मेसेज येतात आणि सगळी शाळा घाबरून ते वाचते. हा केवढा मोठा खोटेपणा आहे, आणि दुखावलेल्या पोराला तो किती गोड वाटेल! गेलेलं पोर परत येत नाही, मनू, सूड घ्यायलाही नाही. मागे उरतं ते त्याचं घर.

तू हेड गर्लसाठी अर्ज केलास याचा मला किती आनंद झालाय ते शब्दांत येत नाही. गेले आठ दिवस तू आरशासमोर भाषण म्हणतेस आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. माझ्यासारखीच मान वर करून म्हणतेस. त्यात एक वाक्य आहे, ‘आपल्या शाळेत कोणीही एकटं नाही.’ त्यावर तू थांबतेस, टाळ्यांसाठी जागा ठेवून.

ते वाक्य काढशील का? किंवा राहू दे, पण आधी बघून ये.

आपल्या 11 नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढे, तुझ्या शाळेचा ब्लेझर घातलेला एक मुलगा बसतो. दहावीतला असावा. मंगळवारी मी कामावरून परतताना त्याच्या मागच्या सीटवर होते. आपला स्टॉप आला, तुमच्या शाळेची पाच-सहा मुलं खालून हसत उतरली, आणि तो उठता उठता परत बसला. पुढच्या स्टॉपला उतरून उलटा चालत आला. मी माझ्या स्टॉपला उतरून वळणापाशी थांबले होते म्हणून दिसलं. बुधवारीही तेच. त्याच्या बॅगेचा बंद तुटलाय, सेफ्टी पिन लावलीय.

मी त्याला काही विचारलं नाही. अनोळखी बाईने बसमध्ये विचारलं तर तो बिचारा आणखी आवळून बसेल. तू विचारू शकतेस. लगेच खोलात जाऊ नकोस, शेजारी बस फक्त. आणि काही गंभीर बोललाच, तर ते स्वतःपाशी ठेवू नकोस, फॉर्म ट्यूटरला, तुझ्या वर्गशिक्षकांना सांग, मग मला सांग.

भाषण गुरुवारी आहे, म्हणजे मधे दोन दिवस आहेत. डब्यात दोन चकल्या जास्त ठेवल्यात. त्याचं नाव कळलं तर घरी येऊन सांग.

तुझी,
आई