शिबिर नको, ठरल्या वारी उघडणारा दवाखाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी ऊसतोड मजुरांसाठी तपासणी शिबिरे भरवायची घाई होते. एचआयव्ही आणि सिफिलिसची (गरमी, लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) तपासणी जरूर व्हावी, पण ती एका दिवसात उरकत नाही. सिफिलिस किती जुना आहे हे कळत नसेल, तर बेंझाथिन पेनिसिलिनची 24 लाख युनिटची इंजेक्शने आठवड्याला एक अशी तीन द्यावी लागतात. पहिले घेतले आणि दुसऱ्याच्या आत उचल (आगाऊ पैसे) घेतलेला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, गाडीत बसला, तर उपचार तिथेच तुटतो. गरोदर बाईचा डोस हुकला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी उघडणारा छोटा दवाखाना काढावा, तोही गणपतीच्या आधी.

दोन खोल्या पुरतात: एक दार लावून बोलण्याची, दुसरी रक्त घेण्याची. पाटीवर ‘गुप्तरोग’ लिहिले की बाई पायरी चढत नाही. नावाऐवजी टोकन नंबर पुकारावा. आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून नावांची यादी मागू नये. यादी त्याच्याकडून आली की निकालही त्यालाच हवा असतो. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार चाचणीआधी संमती आणि नंतर गोपनीयता बंधनकारक आहे. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची संमती लागते, शिवाय लैंगिक संबंध आल्याचे कळले तर पॉक्सो (बाललैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याखाली पोलिसांना कळवावे लागते; हे त्या मुलाला किंवा मुलीला आधीच सांगावे, नंतर नव्हे.

कार्ड चाचण्यांचे (रक्ताचा थेंब टाकून रेघ पाहायच्या झटपट चाचण्या) बहुतेक किट 2 ते 30 अंशांत ठेवायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा किटच्या खोक्याजवळ तापमापक हवा. बफर (थेंबासोबत टाकायचे द्रावण) त्याच किटमधला वापरावा आणि कार्ड किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचावे. उशिरा उमटलेली पुसट रेघ हा निकाल नव्हे. एचआयव्हीचे एक कार्ड रिॲक्टिव्ह आले (रेघ उमटली) म्हणून ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नये. आयसीटीसीत (शासनाचे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र) तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्यावरच तसे सांगता येते. नुसती चिठ्ठी न देता सोबत माणूस पाठवावा.

उलट बाजूही आहे. संसर्गानंतर अँटिबॉडी (चाचणी ज्या शोधते ती शरीराने तयार केलेली प्रथिने) दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे आजचे ‘निगेटिव्ह’ कालच्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. एचआयव्हीची जोखीम घेऊन 72 तासांच्या आत कोणी आला, तर कार्डावर न थांबता 28 दिवसांच्या प्रतिबंधक औषधांसाठी त्याला लगेच शासकीय रुग्णालयात धाडावे.

सिफिलिसचे झटपट कार्ड उपचारानंतरही बहुतेकांत आयुष्यभर रिॲक्टिव्ह राहते. केवळ त्यावर भिस्त ठेवली तर एकाच माणसाला दरवर्षी पेनिसिलिन टोचले जाते. म्हणून उपचारानंतर उतरणारा आकडा देणारी आरपीआर ही रक्तचाचणी हवी: 50 मायक्रोलिटर सीरम (रक्तातला पातळ भाग), फिरत्या यंत्रावर मिनिटाला 100 फेरे, 8 मिनिटे. मध्येच वीज गेली तर ती चाचणी बाद धरावी, अंदाजाने वाचू नये. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी उठली तर द्यायला इंजेक्शनच्या टेबलावर ॲड्रिनॅलिन भरायच्या तयारीत असावे आणि रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवावे.

अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीला मात्र कार्ड नाही. लक्षणांवरून शासनाचे रंगीत किट देतात: हिरव्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोल, करड्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. करडा किट द्यायची वेळ आली तर तो नवऱ्यालाही द्यावा, नाहीतर महिन्याभरात तीच तक्रार. अशाच तक्रारींपायी बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. या साध्या गोळ्या गावातच मिळणे किती गरजेचे आहे, हे त्यावरून समजावे.

लॅन्सेट (बोट टोचायची टोके) आणि सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. रक्त लागलेला कापसासारखा कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, आणि दोन संध्याकाळींत त्याहून जास्त अंतर पडते, तेव्हा उचलणाऱ्या संस्थेशी वार आधी ठरवावा. कर्मचाऱ्यांना कावीळ-ब ची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी.

गुढीपाडव्याच्या सुमारास माणसे परतली की पुन्हा आरपीआर करावी. टायटर (सीरम किती पट पातळ करूनही चाचणी रिॲक्टिव्ह येते तो आकडा) 1:32 वरून 1:8 वर आले तर उपचार लागू पडला. त्यासाठी आधीचा आकडा नाव न लिहिलेल्या नोंदीच्या कार्डावर टोळीसोबत गेलेला हवा.

आपले,
एक समुपदेशक व एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अंबाजोगाई