बाबांच्या जुन्या रिपोर्टविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, 2021 सालच्या कोविडच्या आजारपणाची फाइल चाळताना तुम्ही विचारलेत, की दुसऱ्या आठवड्यात ताप उतरू लागला असताना नेमका तेव्हाच ऑक्सिजन का लावावा लागला. फोनवर घाईत सांगण्याजोगे ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑक्सिजन लावला त्या दिवशीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, न्यूट्रोफिल 88 टक्के आणि लिम्फोसाइट 7 टक्के आहेत; या दोन्ही रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. एरवी हे आकडे साधारणपणे 40 ते 70 आणि 20 ते 40 असतात. कोविड गंभीर होऊ लागला की हे प्रमाण असेच बिघडत असे: विषाणूने ग्रासलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या लिम्फोसाइट घटत आणि न्यूट्रोफिल फुप्फुसात गर्दी करत.

न्यूट्रोफिल पेशी ऑक्सिजनपासूनच आपले शस्त्र घडवते. त्यापासून आधी सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल तयार होते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यातले जंतू मारते ते हेच द्रव्य. जिवाणूंविरुद्ध ते फार उपयोगी आहे, परंतु विषाणू आपल्याच पेशींच्या आत दडलेला असतो आणि हे द्रव्य आपले-परके पाहत नाही, त्यामुळे वायुकोशांचे नाजूक अस्तर व लगतच्या केशवाहिन्या होरपळतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि रक्तात पुरेसा ऑक्सिजन उतरत नाही. ताप उतरत असतानाही तुम्हाला ऑक्सिजन लागला तो यामुळेच. ग्लुटाथायोनसारखी शरीराची संरक्षक द्रव्ये या माऱ्यापुढे अपुरी पडली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. याच पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात रक्त गोठू लागते. तुमच्या पोटावर दिलेली इंजेक्शने गुठळ्या होऊ नयेत म्हणूनच होती.

आई, स्टिरॉइड घरी असतानाच का सुरू केले नाही, ही तुझी खंत मनातून काढून टाक. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटले, मात्र ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीही लाभ दिसला नाही. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती मधुमेही रुग्णांचे हाल केले, आणि त्याला स्टिरॉइडचा अनिर्बंध वापरही कसा कारणीभूत होता, हे तुम्ही दोघांनी पाहिलेच आहे.

राहता राहिला प्रश्न हा ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्याव्यात का, याचा. कल्पना निराधार नाही: 1989 साली जपानी संशोधकांनी इन्फ्लुएन्झाने आजारी उंदरांना सुपरऑक्साइड नष्ट करणारे विकर (एन्झाइम) देऊन त्यांचे प्राण वाचवले होते. तरीही कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांना शिरेतून भरपूर क जीवनसत्त्व देऊन पाहिल्यावर फायदा दिसला नाही, हे 2023 साली जाहीर झाले. म्हणून बाबा, त्या कॅप्सूलच्या बाटल्या विकत घेऊ नका. रक्तातली साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिलचे काम बिघडते, तेव्हा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) तपासून रिपोर्ट मला पाठवा, आणि पावसाळ्याआधी फ्लूची लस घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी दोघेही बोला.

तुमची,
लेक