बाहुली कपाटातून बाहेर काढा

महोदय,

चौतीस वर्षं प्रसूतिगृहात आणि नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात घालवून मी निवृत्त झाले. गेल्या महिन्यात एका नर्सिंग शाळेनं उजळणी घ्यायला बोलावलं. ‘बाळ जन्मलं, पण रडत नाही. काय कराल?’ तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं घडाघडा सांगितलं: उबदार कापडानं पुसायचं, पाठ चोळायची, मान किंचित मागे, गरज असेल तर आधी तोंड, मग नाक साफ करायचं. तरी श्वास नाही, तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क, म्हणजे तोंड-नाकावर मास्क बसवून त्याला जोडलेली पिशवी दाबत हवा द्यायची. एकही चूक नाही. मग मी सरावाची बाहुली मागवली. कपाट उघडायला किल्ली शोधावी लागली आणि बाहुलीवरचं प्लास्टिक मीच फाडलं. मुलीच्या हातात मास्क कडेनं गळत होता. छाती हलेना, म्हणून ती बॅग आणखी जोरानं दाबत राहिली.

तिला मी काय बोलणार? १९८८ साली विद्यार्थिनी असताना रात्रपाळीला माझंही तेच झालं होतं. बाळ निळं पडलेलं, मला पायऱ्या तोंडपाठ आणि हात थरथरत होते. जुन्या सिस्टरनी माझ्या हातावर हात ठेवून मास्क नीट बसवला, हनुवटी उचलली. छाती वर आली. त्या हाताचा दाब मला अजून आठवतो. पुस्तकात तो सापडत नाही.

दहा बाळांतल्या साधारण एकाला पहिल्या श्वासासाठी मदत लागते. बहुतेकांना पुसणं-चोळणंच पुरतं, थोड्यांना बॅग. मिनिटाला ४० ते ६० श्वास, ‘श्वास-दोन-तीन’ मोठ्यानं म्हणत. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकार नोकरीतल्या सिस्टर-डॉक्टरांना दोन दिवस हेच शिकवतं, चांगलंच आहे. पण हात विसरतो. सराव नसेल तर काही महिन्यांतच पकड सैल होते, हे मी माझ्याच सहकाऱ्यांत पाहिलं आहे.

म्हणून एएनएम, जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या आणि एमबीबीएसच्याही विद्यार्थ्यांसाठी बाहुली प्रसूतिकक्षातच ठेवा. कामाची पाळी सुरू होताना प्रत्येकानं दोन मिनिटं बॅग धरावी. परीक्षेत बाहुलीची छाती वर आली तरच गुण द्यावेत. आमच्या तालुक्यातल्या शाळांनी बोलावलं तर महिन्यातून दोनदा मी स्वतः येईन. मानधन नको, कपाटाची किल्ली तेवढी आधी शोधून ठेवा.

— एक निवृत्त सिस्टर ट्यूटर, जि. सातारा